खाडा कधी पडतो ते बघा

लोटे-परशुरामचा केमिकल कारखाना असो, देवगडातलं आंब्याचं कॅनिंग असो, वेंगुर्ल्याकडचा काजू कारखाना असो नाहीतर तारकर्लीचं बारा खोल्यांचं रिसॉर्ट. कामगारांच्या मनाची विचारपूस करायची तर आधी हजेरीपट उघडावा. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो, भिंतीवर पोस्टर लागतं, अर्धा तास प्राणायाम होतो, फोटो ग्रुपवर जातात. प्राणायाम चांगलाच. पण त्याच आठवड्यात कोणाला सलग सात रात्रपाळ्या लावलेल्या असतील, तर श्वास कितीही लांब घेतला तरी झोप भरून निघत नाही.

तीन महिन्यांचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवा. एकूण खाडे किती ते नंतर, आधी ते कधी पडले ते बघा. पगारानंतरचे दोन दिवस आणि सोमवार असे ठरावीक खाडे असतील तर बहुतेक दारू असते. निरोप न देता कुठल्याही वारी पडणारे सुटे खाडे झोप उडाल्याचे असू शकतात: माणूस पहाटे तीनला जागा होतो, पाचला डोळा लागतो, सहाची गाडी चुकते. एकाच सुपरवायझरच्या पाळीत खाडे जास्त दिसले तर कामगारांना बोलावण्याआधी त्या सुपरवायझरला बोलवा. आणि ज्याचा एकही खाडा नाही, जो रोज डबल ड्युटी मागतो, त्याच्याकडेही बघा. त्याला घरी जावंसं वाटत नसेल, नाहीतर उचल फेडायची असेल. हजेरीच्या जोडीला वजनातल्या चुका, प्रतवारीत परत आलेला माल, बोटाला वारंवार लागणं, डबा खायला चौघींत बसणारी बाई एकटी बसू लागणं. नेहमीच्या वागण्यातला असा फरक दोन आठवडे टिकला की बोलायची वेळ झाली.

खाडा म्हणजे निदान नव्हे, एवढं मात्र पक्कं धरून चाला. थकवा आणि चिडचिड थायरॉईडनेही होते, रक्त कमी असलं तरी होते. भातलावणीच्या दिवसांत ताप आणि अंगदुखी असेल तर आधी लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, तपासणी करायची. मुकादमाने डॉक्टर व्हायचं नाही. पीएचक्यू-९ ही उदासीची नऊ प्रश्नांची चाचणी इंटरनेटवर मिळते. चांगली आहे, पण ती डॉक्टरने वापरायची किंवा माणसाने स्वतःपुरती. ऑफिसने भरून घेऊन फायलीला लावली की पुढच्या वर्षी सगळ्यांचे गुण शून्य येतात!

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली सरसकट वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून नोंदलेला आहे. खुणा तीन: त्राण संपणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटत राहणं. कारण कामात आहे म्हटल्यावर इलाजही कामात शोधावा लागतो.

पाळ्यांपासून सुरुवात करा, त्याला खर्च सगळ्यात कमी. पाळी बदलताना पहिलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे अशी पुढे सरकवा. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. उलटी फिरवलेली पाळी अंगावर येते ती यामुळे. सलग रात्रपाळ्या तीनच्या वर नकोत. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास हवेत, आणि आपल्याकडे त्यातले दोन-तीन प्रवासात जातात हे विसरू नका. पाळी साडेआठला सुटते, गावाकडची शेवटची एसटी आठला गेलेली असते, मग तिठ्यावर उभं राहून कोणाची गाडी मिळेल तेव्हा घर. पाळीची वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. पाऊण तास अलीकडे सुट्टी केली की माणसाला झोपेचे दोन तास परत मिळतात. पाळ्यांचा तक्ता चौदा दिवस आधी लावा, आणि ‘उद्या लवकर ये’ म्हणून रात्री दहाला येणारा फोन बंद करा.

‘सीझन आहे, चालायचंच’ हे कॅनिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर. आंबा थांबत नाही हे खरं. पण साप्ताहिक सुट्टी कापली की काही आठवड्यांत चुका वाढतात, आणि वाचवलेला दिवस वाया गेलेल्या मालात जातो. माणसं वाढवणं शक्य नसेल तर सुट्टी फिरती ठेवा, पण ठेवा. रात्रपाळीवाल्यांना दुपारी झोपायला काळोखी, पंख्याची खोली द्या. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात कोणी झोपू शकत नाही.

काजूत वेगळी गोष्ट. मजुरी किलोवर, त्यामुळे बाई पाणी कमी पिते, कारण उठून जाण्यात किलो बुडतात. टरफलाच्या तेलाने हात भाजले तरी सांगत नाही. अशा ठिकाणी ‘ताण कमी करा’ हे व्याख्यान देणं म्हणजे थट्टाच. प्रत्येकीच्या मागच्या तीन महिन्यांच्या कमाईवरून तासाचा सरासरी दर काढा आणि दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटांची सुट्टी त्या दराने पगारी धरा. सगळ्यांना एकाच वेळी उठवा, नाहीतर जी उठेल ती मागे पडते आणि दुसऱ्या दिवसापासून कोणीच उठत नाही.

गणपतीच्या रजेचा वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी तो श्रावणात सुरू होतो, म्हणजे उशिरा. आषाढातच प्रत्येकाला विचारा: घरचा गणपती दीड दिवसाचा, गौरीबरोबर जाणारा की अकरा दिवसांचा? रजा त्याप्रमाणे वाटली तर पुष्कळ भांडणं मिटतात. बागेतले नेपाळी राखणदार किंवा झारखंडकडचे कामगार त्या दिवसांत काम ओढतात. त्यांच्या दशैंची (नेपाळ्यांचा दसरा) आणि छठची रजा त्याच बैठकीत लिहून टाका.

आता बोलायचं कसं. केबिनमध्ये बोलावलं की सगळ्या फ्लोअरला कळतं. पाळी सुटताना गेटपर्यंत बरोबर चालत जा, पंधरा मिनिटं पुरतात. जे दिसलं तेवढंच सांगा: “पंधरा दिवसांत चार खाडे झाले, परवा वजन दोनदा चुकलं. तुझं असं कधी होत नाही.” मालवणी मुलखात “काय रे, बरा वाटणा नाय काय तुका?” एवढ्यावरही माणूस मोकळा होतो. वयाने मोठ्या बाईला “काकी, घरी सगळं ठीक ना?” असं विचारा. मग गप्प राहा. हा गप्प राहण्याचा भाग मॅनेजरांना सगळ्यात अवघड जातो. समोरचा ‘डिप्रेशन’ म्हणणार नाही. तो म्हणेल जीव घाबरा होतो, छातीत भरून येतं, अन्न गोड लागत नाही. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे वाक्य तोंडातून निघालं की पुढची दोन वर्षं कोणी तुमच्याकडे येणार नाही. उठण्याआधी दोन गोष्टी ठरवा: या आठवड्यात कामात करायचा एक बदल, आणि पुन्हा बोलण्याचा वार.

घरचे देवाला कौल लावतील, गाऱ्हाणं घालतील, कोणी बाहेरची बाधा म्हणेल. वाद घालू नका. “ते करा, त्याबरोबर सिव्हिललाही दाखवा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका,” एवढंच सांगा. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र आधी होऊ शकतो: मळमळ, पेंग. पहिल्या आठवड्यातच गोळी सुटते ती या कारणाने. आणि बरं वाटल्यावरही डॉक्टर ती काही महिने चालू ठेवतात.

बोलण्यातून निराशा जाणवली तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास सोडतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या माणसाला बोलवायचं आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. धोका समोरच दिसत असेल तर ११२ ला फोन. बागायतदारांसाठी आणखी एक: फवारणीची औषधं कुलपात ठेवा, माळ्यावर किंवा राखणदाराच्या खोपीत नको. किल्ली एका ठरलेल्या माणसाकडे, दिलेल्या बाटलीची नोंद वहीत, उरलेली संध्याकाळी परत. टोकाचा आवेग पुष्कळदा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात विष हाताला लागलं नाही तर माणूस वाचतो.

टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत. नोटीस बोर्डावर लावून उपयोग कमी, कारण तिथे उभं राहून नंबर टिपणारा सगळ्यांना दिसतो. संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि पगाराच्या स्लिपेच्या मागे छापा. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. ही सोय खरी, पण तिच्यामुळेच ‘याला रत्नागिरीला पाठवा’ ही थट्टाही इथलीच. कामाच्या जागेवर ती बंद करायची, सुरुवात साहेबांपासून.

समुपदेशक नेमणार असाल तर शेजारच्या गावातला नको. इथे प्रत्येकाची भावकी कुठे ना कुठे भिडते, आणि कोणाची स्कूटर कुठल्या दवाखान्यासमोर उभी होती हे संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं. दुसऱ्या तालुक्यातला किंवा फोनवरचा बघा. बिलावर फक्त सत्रांची संख्या, नावं नाहीत, हे करारात लिहून घ्या. रजेच्या अर्जावर ‘आजारपण’ एवढं पुरे. निनावी प्रश्नावली काढलीत तर दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा निकाल वेगळा काढू नका. पॅकिंगमध्ये चार बायका असतील तर कोणी काय लिहिलं ते सगळ्यांना कळतंच.

उपचारानंतर कामावर परत घेताना पहिला आठवडा अर्धा दिवस, पुढचे काही आठवडे रात्रपाळी नाही. गोळ्यांनी सकाळी पेंग येत असेल तर मशीन, बॉयलर आणि गाडी लांब ठेवा. कॅनिंगवाल्यांनी हे खास लक्षात घ्यावं: लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्या माणसाला घाम फार आला आणि पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर चढतं. हात कापणं, उलट्या, जुलाब, अडखळत चालणं दिसलं तर लगेच हॉस्पिटल. कंबर दुखते म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी दिली तरी तेच होऊ शकतं, म्हणून प्रथमोपचार पेटीतली वेदनाशामक न विचारता वाटू नका. मनाच्या आणखी काही औषधांनी घाम कमी येतो आणि ऊन बाधतं. अशा माणसाला मे महिन्यात बॉयलरजवळ उभं करू नये. कोणती गोळी हे तुम्हाला कळायची गरज नाही. ‘उष्ण जागी काम नको’ एवढी डॉक्टरची चिठ्ठी मागा.

ट्रॉलरवर वेगळाच धोका. रोज भरपूर पिणारा खलाशी समुद्रात गेल्यावर एकदम कोरडा पडतो. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास आणि भ्रम. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याला भूतबाधा समजतो किंवा बांधून ठेवतो. ही वैद्यकीय तातडी आहे, जीव जाऊ शकतो. बोट किनाऱ्याला घ्यावी. निघण्याआधी विचारणं सोपं: “शेवटची कधी घेतलीस, सकाळी हात कापतात का?” कापत असतील तर ती फेरी त्याच्याशिवाय. दारू सोडवायची तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, डॉक्टरच्या हाताखाली. त्याच दोन महिन्यांत हातात पैसा नसतो आणि उचल वाढते, म्हणून हंगामातल्या मजुरीतला थोडा भाग, खलाशी तयार असेल तर, जूनसाठी बाजूला ठेवावा.

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे; पण बहुतेक ग्रुप पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, समुपदेशनाचे वेगळे मागून घ्यावे लागतात. ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल तर आजारपणात ७० टक्के वेतन, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. लांब चालणाऱ्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्याचा प्रकारही आहे, त्यात ८० टक्के. अट सलग दोन वर्षांच्या नोकरीची. क्लार्कला हे माहीत नसतं, म्हणून दावे होतच नाहीत.

आणि पाऊस. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या घराघरात पाणी शिरलं. तेव्हापासून वाशिष्ठी नदी चढली की दुसऱ्या पाळीतली माणसं मशीनपेक्षा मोबाइलकडे जास्त बघतात. त्यांना मेमो देणं हा शुद्ध मूर्खपणा. लक्ष नसलेला माणूस रिॲक्टरजवळ उभा आहे, ही सुरक्षेची बाब आहे. मे अखेर एक यादी करा: कोणाचं घर नदीकाठी, कोण तळमजल्यावर, कोणाकडे म्हातारी माणसं. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की त्यांना आधी सोडायचं, खाडा न लावता. यादीत सगळ्यात वर त्या रात्री गाडी कोण चालवणार त्याचं नाव लिहा, आणि त्याखाली तो नसेल तर दुसरा कोण.