व्हँकुव्हरला चालतं, जहाजावर नाही

दापोली-गुहागरकडची पोरं जहाजावर लागली की पहिल्या कॅनडा फेरीआधी हा प्रश्न हमखास निघतो: तिकडे गांजा दुकानात मिळतो म्हणे, घेऊ का?

मिळतो. 17 ऑक्टोबर 2018 पासून. व्हँकुव्हरच्या प्रांतात वय 19 पूर्ण हवं. मूळ पासपोर्ट सोबत ठेवा. अंगावर जास्तीत जास्त 30 ग्रॅम सुका माल. पाकिटावर सरकारी एक्साइजचा शिक्का नसेल तर हात लावू नका.

नवखे फसतात ते खायच्या वड्यांत. तिकडच्या नियमाने अख्ख्या पाकिटात टीएचसी, म्हणजे गांजातला नशा चढवणारा घटक, 10 मिलिग्रॅमच्या वर नसतं, पण पहिल्यांदा 2.5 पुरे. अर्ध्या तासात काही वाटत नाही म्हणून दुसरी वडी तोंडात जाते आणि घोळ होतो. पोटातून चढायला दोन तासही लागतात, मग दोन्ही एकदम चढतात. होळीला भांग जास्त झालेल्याला हे वेगळं सांगायला नको. सोबत दारू तर नकोच.

खलाशांची खरी अडचण पुढे आहे. लघवीच्या तपासणीत याचे अवशेष कित्येक दिवस, रोज ओढणाऱ्याचे तर कित्येक आठवडे सापडतात. कंपनी कॅनडाचा कायदा बघत नाही, रिपोर्ट बघते. करारावर असाल तर दुकान बाहेरूनच बघा.

आणि उरलेलं बॅगेत नको. देशाबाहेर नेणं तिकडेही गुन्हा, इकडे तर 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहेच. दुकानाची पावती दाखवून सुटका होत नाही.