शिकागो कोलिझियम, 1:200 : कमानी उभ्या, ट्रॅक आखला

शिकागो कोलिझियम या जुन्या, आता पाडलेल्या सभागृहाचं हे पुठ्ठ्याचं मॉडेल. वॉबॅश अव्हेन्यू या रस्त्याकडची भिंत अजून कोरी आहे, पण आतलं काम या टप्प्यात बरंच पुढे गेलं.

संदर्भ गोळा करणाऱ्यांसाठी आधी एक इशारा. शिकागोत कोलिझियम एकच नव्हतं. 1896 चं डेमोक्रॅटिक अधिवेशन झालं ते 63व्या रस्त्यावरचं, आणि ते 1897 च्या डिसेंबरात जळालं. आपलं 15व्या रस्त्याजवळचं: 1904 ते 1920 रिपब्लिकनांची ओळीने पाच अधिवेशनं इथे झाली, 1982 मध्ये ते पाडलं. चित्राखाली 1896 दिसलं की ते बाजूला ठेवा.

तळाचा आराखडा सॅनबॉर्न कंपनीच्या, आगीच्या विम्यासाठी काढलेल्या नकाशावरून घेतला. त्याचं प्रमाण 1 इंचाला 50 फूट, म्हणजे 1:600; बरोबर 300 टक्के मोठं केलं की 1:200. प्रिंट काढल्यावर नकाशावरची मोजपट्टी तपासा. 100 फूट 15.24 सेंमी भरायला हवेत. प्रिंटरचं ‘पानात बसवा’ चालू राहिलं तर इथेच कळतं.

कमानी 1 मिमी माउंटबोर्डच्या (जाड पुठ्ठ्याच्या), दोन थर चिकटवून रात्रभर वजनाखाली. वजन न ठेवता वाळवल्या तर पिळतात. सगळ्या उभ्या करून मग जोडायचा मोह टाळा. एक कलली की रांग आडवी होते. 28 ऑगस्ट 1899 ला बांधकाम चालू असताना खऱ्या इमारतीच्या 12 पोलादी कमानी अशाच एकामागोमाग कोसळल्या, कामगार मेले. म्हणून पहिल्या दोन कमानींमध्ये फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या, आणि पुढची प्रत्येक कमान शेंड्याला व दोन्ही खांद्यांना आडव्या पट्टीने मागचीला बांधूनच सोडायची.

आता ट्रॅक. 13 ऑगस्ट 1935 ला आयोजक लिओ सेल्त्झरने इथे रोलर डर्बी, म्हणजे चाकांच्या बुटांवरची शर्यत, सुरू केली: जोड्या 25, अंतर सुमारे 3,000 मैल, फेऱ्या 57,000. भागाकार केला की फेरी साधारण 84.7 मीटर, मॉडेलवर 42.35 सेंमी. आकार आम्ही ठरवलेला: टोकांना 4.5 सेंमी त्रिज्येची अर्धवर्तुळं, दोन सरळ बाजू 7.04 सेंमीच्या. ही लांबी पट्ट्याच्या मध्यरेषेची. पट्टा 1.5 सेंमी रुंद आहे. बाहेरची कड मोजलीत तर 4.7 सेंमी जास्त भरेल, आणि फेरी 11 टक्क्यांनी फुगेल. नंतरच्या डर्बीचे उतरत्या कडांचे फोटो पाहून इथे उतार देऊ नका.

राहिली भिंत. तिचे किल्ल्यासारखे बुरुज पाहून ‘हाच तो (अमेरिकी यादवी युद्धातला) लिबी तुरुंग’ असं पुष्कळजण समजतात. रिचमंडहून विटा सुट्या करून आणलेला तुरुंग म्हणजे साधं विटांचं गोदाम. 1889 पासून ते इथे संग्रहालय होतं. बुरुजांची भिंत त्या संग्रहालयाची, आणि कोलिझियमने तीच दर्शनी बाजू म्हणून ठेवली. तेव्हा विटकरी रंग नको. राखाडीवर पिवळसर हात, सांधे टोकदार पेन्सिलीने. बुरुज वेगळे कापून भिंत पूर्ण वाळल्यावरच बसवायचे, नाहीतर ओल्या माउंटबोर्डवर ते पुढे झुकतात.