ओकिता, ओहिसा आणि नावांची भानगड

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारभर उतामारो ह्या जुन्या जपानी चित्रकाराची लाकडी ठशांनी छापलेली चित्रं झूम करकरून बघत बसले, डोळे दुखले. १७९३ च्या सुमाराचं ते तिघींचं चित्र, पहिल्या नजरेत तिघी सख्ख्या बहिणीच, पण जरा थांबून बघितलं की नाकं वेगळी, डोळ्यांची ठेवण वेगळी, आणि कपड्यांवर प्रत्येकीची खूण. वरती तोयोहिना, ती गायिका. खालच्या दोघी मात्र अगदी साध्या घरच्या, सोळा-सतराच्या पोरी. ओकिता आसाकुसात चहाच्या दुकानात काम करायची आणि ओहिसाच्या वडिलांचं र्‍योगोकूला तांदळाच्या बिस्किटांचं दुकान. अख्खं एदो (आजचं टोकियो) ह्यांना बघायला जायचं म्हणे!

मग सरकारला खुपलं. १७९३ मध्येच फर्मान, वेश्या सोडून कुठल्याही बाईचं नाव चित्रावर छापायचं नाही. उतामारोने काय केलं, कोपऱ्यात कोडं काढलं. भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, समुद्र आणि भातखाचर, एवढं जपानीत ओळीने म्हटलं की झालं 'नानिवाया ओकिता', दुकानासकट नाव. मला जाम हसू आलं. १७९६ ला कोड्यांवरही बंदी आणली, १८०० ला तर असे मोठ्ठे चेहरे काढण्यावरच.

पण ती 'वेश्या सोडून' वाली सूट डोक्यातून जात नाहीये. योशिवाराच्या, म्हणजे एदोच्या वेश्यावस्तीतल्या बायकांची नावं खुशाल छापा, कारण ती त्या घराची जाहिरातच की, आणि त्यातल्या कितीतरी जणी लहानपणीच कर्जापायी तिथे आलेल्या, त्यांचंही चित्र तितकंच देखणं. हे कळल्यावर नुसतं 'वा काय सुंदर' म्हणवत नाही बाई.

तरी कपाळाजवळचे केस बघाच. छापायच्या ठशासाठी चेरीच्या लाकडात प्रत्येक केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढायचं आणि मधली रेघ तेवढी उभी ठेवायची, चाकू जरा घसरला की गेलं. हे काम उस्तादाकडे, कपड्यांचं शिकाऊ पोरांकडे. चित्रकार तिथे बऱ्याचदा नुसता अंदाज द्यायचा, खरे केस कोरणाऱ्याचेच. आणि चित्रावर सही उतामारोची, शिक्का प्रकाशक त्सुताया ह्याचा. कोरणाऱ्याचं नाव छापायला तर कुणाची बंदीही नव्हती.