लाल ठिपका

आमच्या घरी दर रविवारी सावजी मटणाचा रस्सा शिजतो, आणि पोरीच्या ओळखपत्रावर हिरवा ठिपका! लेस धुवायला काढली तेव्हा दिसला. उजेडात धरून पाहिलं तर लाल टिकली नखानं खरवडलेली, वरून हिरवं स्केचपेन गिरवलेलं. चौथीतली पोर. विचारलं तर म्हणते, "लालवाले व्हरांड्यात बसतात. माझी मैत्रीण आत असते."

नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. पाठोपाठ ओळखपत्रावर ठिपक्यांची सूचना आली, अंडं खाणाऱ्याला लाल, न खाणाऱ्याला हिरवा. त्यात गैर काही नव्हतं, चुकून कुणाच्या ताटात अंडं पडू नये एवढंच. आमच्या शाळेत मात्र ठिपक्यांच्या रांगा झाल्या. अंडं एकच दिवस, रांगा रोजच्या. खिचडीलासुद्धा.

आधी वर्गशिक्षिकेला फाटकाशी गाठलं. "सोयीसाठी आहे हो ताई, साठ लेकरं सांभाळून राहिलो आम्ही." तेही खोटं नव्हतं. मग अर्ज लिहिला. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊण सदस्य पालक लागतात आणि निम्म्या बाया, त्या भरतीत माझं नाव लागलं होतं. वर्षभर मी रजिस्टरवर सही करून चहा पिऊन घरी येत होते. पहिली बैठक पुरेसे लोक आले नाहीत म्हणून पुढं ढकलली. दुसऱ्या वेळी मीच आदल्या रात्री सगळ्यांना फोन लावले.

भाषण पाठ करून गेले होते. रोज परिपाठात 'आम्ही भारताचे लोक' म्हणवून घेता आणि दुपारी पोरं निवडता, असं काहीतरी. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं आणि मागच्या 26 जानेवारीच्या कार्यक्रमाचे फोटो दाखवले. एक मुलगा टोपीत, एक पगडीत, एक मुलगी क्रॉस घालून, हातात हात. त्या फोटोपुढं माझं भाषण तिथंच संपलं.

मला भीती होती ती गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका बाबांची. ते तर भलतंच बोलले. "बाजूच्या पोरानं अंडं खाल्लं तर आमचा पोरगा बाटते का जी? मला वाढायच्या पळीची काळजी आहे. पळी वेगळी ठेवा, बसू द्या कुठंही."

अर्धं काम तिथंच झालं होतं. तेवढ्यात मागून एक आई उठल्या. त्यांच्या घरी तीन पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नाही, तरी मुलाला लाल ठिपका. अंडं खाणार की नाही याचा फॉर्म त्यांनी भरलाच नव्हता, मग लाल कुठून आला? शिक्षिका खाली पाहत म्हणाल्या, "फॉर्म अर्ध्यांचेच आले. बाकीचं आडनावावरून समजतेच ना."

कुणी काही बोललं नाही. पंख्याचा तेवढा आवाज. त्या आईंचं आडनाव ऐकल्यावर नागपुरात कुणीही मनात जे ताडतो, ते खोलीतल्या प्रत्येकानं ताडलेलं होतं. मीही. खरं सांगायचं तर पोरीनं पहिल्यांदा त्या मैत्रिणीचं नाव घेतलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "आडनाव काय तिचं?" आमच्या शहरात हा प्रश्न भाड्याची खोली दाखवताना विचारतात, पोहे खाताखाता विचारतात, आणि विचारणाऱ्याला आपण काही विचारलं असं वाटतही नाही. माझी आजी दरवर्षी ताजबागच्या दर्ग्याला चादर चढवायची, तीही विचारायची.

त्यापुढचं पटापट झालं. ठिपके ओळखपत्रावरून काढून वर्गाच्या रजिस्टरात नेले. फॉर्म नसेल तर पालकाला फोन करायचा, तोवर केळं. बसणं हजेरी क्रमांकानं. पळ्या वेगळ्या, आणि अंडं सगळ्यात शेवटी वाढायचं. इतिवृत्तात 'आडनावावरून' हा शब्द लिहायचा की नाही यावर वीस मिनिटं गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई अडचणीत येतील." मी हट्ट धरला नाही. 'अंदाजाने' असं लिहिलं. तो शब्द मला अजून खुपतो. त्या दिवशी सही करताना मात्र बरंच वाटलं होतं, वाद नको म्हणून.

पहिल्या बुधवारी मी मुद्दाम शाळेत गेले. पोरं एका ओळीत मांडी घालून बसली होती. माझी पोर मैत्रिणीपासून सात आकडे लांब, त्यामुळं माझ्यावरच फुगलेली. शेजारच्या पोराचं केळं आणि तिच्या अंड्यातलं पिवळं असा सौदा चालू होता, तो वाढणाऱ्या मावशींनी मोडला.

जानेवारी 2025 मध्ये शासनानं अंड्यासाठीचा पैसा बंद केला. द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून समितीनं पाहावं, असं ठरलं. पुन्हा बैठक. शंभर रुपयांपासून सुरुवात झाली, कुणी हो म्हणे, कुणी नाही. माळवाल्या बाबांनी पाकीट काढलं तसं सगळे त्यांच्याकडं पाहू लागले.

"केळाचे मी देतो," ते म्हणाले, "अंड्याचं तुमचं तुम्ही पाहा."