सायकल स्टँडखालचे खड्डे

शाळेच्या आवारात जैवविविधतेची नोंद करायला गेलं की आधी पुढची बागच दाखवतात, हे ठरलेलंच. परवाही तेच. कापलेलं गवत, रांगेत कुंड्या, सातवीची पोरं वह्या घेऊन तयार. दोरीने १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखला, १० मिनिटं नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. मुंग्याच मुंग्या! एकाने २०० च्या पुढे मोजल्या आणि ओरडला, मॅडम आमचा चौकोन जिंकला. म्हटलं अरे डोकी नाही मोजायची, प्रकार मोजायचे, तुझ्या सगळ्या मुंग्या म्हणजे यादीत एक ओळ. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

दुसरा चौकोन मागे टाकीजवळ, जिथे पालापाचोळा ढकलून देतात. पान उचललं की काहीतरी पळायचं, गोम, वाणी, दोन तऱ्हेचे कोळी, खाली गोगलगाय. गोम आणि वाणीत पोरांचा गोंधळ होतोच, म्हणून भिंगातून दाखवलं, गोमेला दर खंडाला पायांची एक जोडी, वाणीला बहुतेक खंडांना दोन. प्रकारांत हा कोपरा बागेच्या कितीतरी पुढे.

पण खरी मजा सायकल स्टँडच्या शेडखाली आली. भिंतीलगत, पाऊस पोचत नाही अशा भुसभुशीत मातीत छोटे छोटे फनेलसारखे खड्डे, पोरं रोज तिथेच सायकली लावतात आणि कुणाच्या लक्षात नाही. मुंगीसिंहाच्या अळ्या! तेवढ्यात एक मुंगी कडेवरून घसरली, ती वर चढायला बघतेय तर तळातून मातीचा फवारा, परत फवारा, मग जबड्याची दोन टोकं वर आली आणि खेळ खल्लास. मघाचा २०० वाला पालथा पडून बघत होता, युनिफॉर्मची पार वाट. हीच अळी पुढे चतुरासारखी दिसणारी पंखवाली होते हे त्याला काही केल्या पटेना. आणि अळी असेपर्यंत ती शी करत नाही म्हटल्यावर तर काय, पुढची पाच मिनिटं माझं कुणी ऐकलंच नाही.

तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचेत, असं सर हळूच म्हणाले, यादीत घेतलं तर काम अडेल का? म्हटलं त्यासाठी कोण अडवतंय, फक्त भिंतीलगत हातभर माती तशीच सोडा. बघतो म्हणाले. मी नकाशावर खूण करून ठेवलीय. पोरांनी मात्र भिंतीला चिकटून सायकली लावायच्या नाहीत असं लगेच ठरवून टाकलं, किती दिवस टिकतंय बघू.