बॅटरीची करवत आणि घरावर आलेली फांदी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन परिसरातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. त्याआधी आमच्या वाडीत कोयता, कुऱ्हाड आणि दोघांनी मिळून ओढायची करवत एवढीच हत्यारे होती. वादळानंतर पेट्रोलवर चालणाऱ्या करवती आल्या आणि गेल्या काही वर्षांत घराघरांत बॅटरीवरच्या करवती दिसू लागल्या. त्या हलक्या आहेत, धूर सोडत नाहीत, दोरी ओढण्याची कटकट नाही आणि कानठळ्या बसवणारा आवाजही नाही. मला भीती वाटते ती नेमकी या शेवटच्या गुणाची. पेट्रोलचे यंत्र चालू आहे हे शेजारच्या वाडीतही कळते, पण बॅटरीची करवत गप्प पडलेली असली तरी खटका दाबताक्षणी पूर्ण वेगाने फिरते.

ही भीती मला पुस्तकातून आलेली नाही. गेल्या मे महिन्यात, आंबे उतरवून झाल्यावर, कौलांवर आलेली एक फांदी पावसाआधी काढून टाकावी म्हणून मी सहा इंची पट्टीची (पट्टी म्हणजे जिच्या कडेने दातेरी साखळी फिरते ते पाते), एका हातात मावणारी छोटी करवत घेऊन शिडीवर चढलो. डाव्या हाताने फांदी धरली होती आणि उजव्या हातात करवत होती. पानांच्या झुबक्याआड मनगटाएवढी दुसरी फांदी होती, ती मला दिसली नाही. पट्टीचे टोक तिला टेकले आणि करवत एखाद्या जनावराने मान उडवावी तशी वर उसळून माझ्याच अंगावर आली. शर्टाची बाही फाटली आणि डाव्या मनगटाच्या वर सात टाके पडले. शिडीवरून पडलो नाही, हे केवळ नशीब.

ही उसळी का येते, हे प्रत्येकाने एकदा तरी करवत बंद करून, बॅटरी काढून, पट्टीकडे बघत समजून घ्यावे. साखळी पट्टीच्या वरच्या कडेने पुढे धावते, टोकाशी खाली वळते आणि खालच्या कडेने आपल्याकडे परत येते. टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागात दाते लाकडात रुतले, की ते कापण्याऐवजी अडतात आणि तो सगळा जोर पट्टीला वर व मागे फेकतो. हे इतक्या झटकन घडते की माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून मोठ्या करवतीला पुढच्या मुठीपुढे आडवा दांडा असतो. उसळी आली की तो मनगटावर आपटून, किंवा चांगल्या करवतीत झटक्यानेच, ब्रेक लागतो आणि साखळी थांबते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक छोट्या एकहाती करवतींना असा ब्रेकच नसतो. ती करवत मी आता खांद्याच्या वर आणि शिडीवर वापरत नाही, आणि मोकळा हात कापाच्या जवळ आणत नाही. मोठी करवत दोन्ही हातांनीच धरायची, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीला खालून वेढा घालून. अंगठा वरच ठेवला तर उसळी आल्यावर मूठ हातातून सुटते.

वादळात पडलेले झाड कापणे हे उभे झाड कापण्यापेक्षा सोपे वाटते, पण ते तसे नाही. दोन्ही टोके टेकलेली असतील आणि मधला भाग अधांतरी असेल, तर खोडाची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. सरळ वरून कापत गेल्यास काप मिटतो आणि पट्टी आत अडकते. अशा वेळी वरून साधारण एक तृतीयांश कापून उरलेले खालून कापावे. एकच टोक टेकलेले असेल तर याच्या नेमके उलट करावे. खालून कापताना साखळी करवतीला आपल्याकडे ढकलते, हेही ध्यानात ठेवावे. मुळासकट उपटलेल्या झाडाजवळ तर विशेष जपावे, कारण खोडाचे ओझे कापून वेगळे झाले की मुळांचा प्रचंड गड्डा अचानक परत खड्ड्यात बसतो. त्याच्यामागे किंवा खड्ड्यात कोणी, विशेषतः पोरे, उभी नाहीत ना, हे आधी बघावे. वीजतारांवर रेललेल्या झाडाला हात लावूच नये. ते काम महावितरणच्या माणसांचे आहे.

साखळीच्या ताणाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. थंड साखळी पट्टीच्या मधोमध चिमटीत धरून उचलावी. ती थोडी उचलली जावी, पण तिचे आतले दाते खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि पट्टीच्या खाली ती लोंबत राहू नये. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासातच सैल पडते. धारेची परीक्षा जमिनीवर दिसते: ढलप्या पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडू लागला की गोल कानस घेऊन बसावे. बोथट करवतीला माणूस जोर लावतो आणि जोर लावताना तोल जातो. नारळाच्या खोडाचे तंतू साखळीच्या आत गुंततात. ते काढण्याआधी बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेवायची, याला माझ्याकडे अपवाद नाही.

डोळ्यांना चष्मा, डोक्यावर हेल्मेट, पायांत बूट, हे सगळे जण सांगतात आणि ते खरेच आहे. पायांवरच्या संरक्षक कापडाविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी. त्यातले लांब तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात, पण विजेच्या मोटरचा जोर मंद वेगातही टिकून राहत असल्याने ते पेट्रोलच्या करवतीइतके हुकमी थांबवतीलच असे नाही. तरीही ते घालावेच, लुंगी नेसून करवत चालवू नये. आंब्यावर ओंबील, म्हणजे पाने जोडून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, असतील तर त्यांची घरटी आधी काठीने पाडावीत, कारण मानेवर चावा बसल्यावर हात जागेवर राहत नाही.

आता शेजारी करवत मागायला आले की मी हेल्मेट, चष्मा आणि ते कापड एकाच पिशवीत घालून देतो. बॅटरी वेगळी, त्यांच्या हातात देतो, आणि करवतीला ती बसवण्याआधी ताण एकदा सोबत तपासतो. कौलांवरची ती फांदी अजून तशीच आहे. या वर्षी ती दोरीने बांधून उतरवण्यासाठी झाडावर चढणारा जाणकार गडी सांगून ठेवला आहे, आणि मी खाली, पडणाऱ्या फांदीच्या टप्प्याबाहेर उभा राहणार आहे.