सांख्यिकीचा राहिलेला पेपर आणि पान 4 वरचं गणित

बी.कॉम.चा माझा एकच विषय राहिला होता, सांख्यिकी. लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात आले, वर्षभरात मुलगा झाला आणि पेपर मागेच पडला. तीन वर्षांनी यंदा पुन्हा फॉर्म भरला. फॉर्म, फी, हॉलतिकीट हे सगळं दोन चकरांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते सरावाच्या संचाबद्दल. त्यातल्या एका गणितात माझे अकरा दिवस गेले, आणि पेपर होऊन दोन महिने झाले तरी त्याचा राग अजून गेलेला नाही.

संच म्हणजे तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी, पिन मारलेली 14 पानं. 120 गणितं आणि शेवटच्या पानावर नुसती उत्तरं. रीत कुठेच दिलेली नाही. कॉलेजातच सांगतात, हा संच आणा, पेपर यातूनच निघतो. शिकवणीला जायचं तर रोज एसटीने जाऊन-येऊन तीन तास, आणि घरी दोन वर्षांचं पोर. म्हणून रात्री नऊनंतर, हे ओलिताला शेतात गेले की मी वही उघडायची, असं ठरवलं.

मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा) चार दिवसांत झालं. पुस्तकातले कारखान्यातल्या कामगारांचे पगार मला काही सांगत नव्हते, म्हणून मी आमच्या वेचणीची वही घेतली. एका दिवशी पाच बायांनी वेचलेला कापूस: 34, 36, 38, 41 आणि 66 किलो. मध्य येतो 43, पण पाचातल्या चौघींनी 43 किलो वेचलाच नाही. मध्यक 38, आणि तो खरोखर मधल्या बाईचा आकडा आहे. एक 66 वाली सगळ्यांचा मध्य वर ओढून नेते. हे एकदा आपल्या वहीत दिसलं की मध्य कधी वापरायचा आणि मध्यक कधी, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

मग आलं पान 4. सगळ्यात खालचं गणित. शब्दशः असं:

"एका पिशवीत 5 लाल व 3 निळे चेंडू आहेत. एकामागून एक दोन चेंडू काढले. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता काढा."

पहिला लाल येण्याची संभाव्यता 5/8. तो काढल्यावर पिशवीत 7 चेंडू उरले, त्यात 4 लाल, म्हणून 4/7. गुणाकार 20/56, म्हणजे 5/14. मागच्या पानावर उत्तर होतं 25/64.

पहिल्या रात्री वाटलं, माझा गुणाकार चुकला. दुसऱ्या रात्री वाटलं, रीतच चुकली. तिसऱ्या रात्रीपासून मी पुढची गणितं सोडवणंच बंद केलं. जी रीत आपण बरोबर धरतो तीच चुकीची निघाली, तर पुढच्या तीस गणितांवर भरवसा कसा ठेवायचा? ज्यांनी असा एकट्याने अभ्यास केला आहे त्यांना हे कळेल. शेजारी विचारायला कुणी नसलं की छापलेलं उत्तर खरं आणि आपण खोटे, असंच वाटतं.

कॉलेजात गेले. विषयाचे सर तासिका तत्त्वावर होते, आठवड्यातून दोन दिवस येत, आणि मी गेले तो दिवस त्यातला नव्हता. ऑफिसातल्या भाऊंना संच दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, छापलं हाय तेच बरोबर समजा. दरवर्षी पोरं हेच लिवतात अन् पास होतात." सरांचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर गणित पूर्ण ऐकलंही नाही. "उत्तर बरोबर आहे, पाठ करून टाका." एका मैत्रिणीकडून मागच्या वर्षीचा संच आणला, तर त्याच गणिताशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, "पाठ". म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी इथेच अडकलं होतं आणि तिलाही हेच सांगितलं गेलं होतं. खरा राग मला तिथे आला. 5/14 आणि 25/64 यांत कोण बरोबर, हा पाठ करण्याचा विषयच नाही. आठ चेंडू आहेत. मोजले की संपलं.

तर मी मोजायला बसले. आधी एका पिशवीत 5 तुरीचे दाणे आणि 3 हरभऱ्याचे घेतले. पण बोटांना हरभरा कळतो, हात आपोआप तो टाळतो किंवा तोच धरतो. (हे लक्षात ठेवा. पिशवीतल्या वस्तू हाताला अगदी सारख्या लागल्या पाहिजेत, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही.) मग आठ सारखे सोयाबीनचे दाणे निवडले आणि जाऊबाईंच्या मुलाच्या स्केचपेनने पाचांवर लाल, तिघांवर निळा ठिपका केला. पिशवी हलवायची, एक काढायचा, दुसरा काढायचा, वहीत रेघ मारायची, दोन्ही परत टाकायचे. सासूबाई उठून आल्या. "काय करून रायली वं रात्रीची? आठ दाने कायले मोजतं?" मी म्हटलं, "आई, पेपराचं आहे." त्या थोडा वेळ बसल्या आणि पिशवी धरून राहिल्या, तेवढं काम हलकं झालं.

तीन रात्रींत 200 वेळा काढले. दोन्ही लाल 74 वेळा आले.

आता बघा. माझं उत्तर बरोबर असेल तर 200 पैकी साधारण 71 वेळा यायला हवेत, छापलेलं बरोबर असेल तर 78 वेळा. आले 74, म्हणजे दोघांच्या बरोबर मध्ये. मला रडू यायचं बाकी होतं. पण तेव्हाच संचातलं पुढचं एक सूत्र पहिल्यांदा कामाला आलं. 200 वेळांच्या अशा मोजणीत आकडा किती मागेपुढे होईल, ते 200 × 0.36 × 0.64 च्या वर्गमुळातून मिळतं (0.36 म्हणजे जवळजवळ माझं 5/14, आणि 0.64 म्हणजे 1 मधून ते वजा केल्यावर उरलेलं). ते येतं जवळजवळ 7. फरकच 7 चा आणि मागेपुढे होणंही 7 चं, तर 200 वेळांत निकाल लागणारच नव्हता. 800 वेळा काढले असते तर अपेक्षा 286 आणि 313, आणि मागेपुढे होणं 14 च्या आसपास. तेव्हा कुठे थोडं दिसलं असतं. तीन रात्रींनी प्रश्न सुटला नाही, पण नमुना मोठा का लागतो हे मला त्या 74 ने शिकवलं. पुढे नमुन्याचा धडा मी एका बैठकीत संपवला.

अकराव्या दिवशी दाणे बाजूला ठेवले आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे तक्ता आखला. उभ्या आठ ओळी पहिल्या दाण्याच्या, आडव्या आठ दुसऱ्या दाण्याच्या. ल1 ते ल5, न1 ते न3. एकूण 64 घरं. दोन्ही लाल असलेली घरं रंगवली, ती भरली 25. म्हणजे 25/64. छापलेलं उत्तर माझ्याच तक्त्यात बसलेलं होतं. मग एकेका घरावर बोट ठेवत गेले आणि पहिल्याच घरात थांबले. ल1, ल1. तोच दाणा पहिला आणि तोच दुसरा? तो तर माझ्या हातात आहे, पिशवीत नाही. ल2 ल2, ल3 ल3, अशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी आठ घरं खोडली. त्यांत पाच लाल होती. 64 मधून 8 गेले, 56. 25 मधून 5 गेले, 20. माझं 20/56 समोर आलं.

म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर होती. तोच दाणा दोनदा येऊ शकतो तेव्हा, म्हणजे पहिला बघून परत पिशवीत टाकला तर 25/64. परत न टाकता दुसरा काढला तर 5/14. माझी रीत चुकलेली नव्हती, त्या गणितात एक वाक्य कमी होतं. रात्रीचे साडेबारा झाले होते, लाईन गेली होती, आणि मोबाईलच्या उजेडात त्या तक्त्याकडे बघताना मला जो आनंद झाला तो निकालाच्या दिवशीही झाला नाही.

वाक्य कुठे गेलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळच्या एसटीने थेट झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार भाऊ भला माणूस. त्यांनी फायलीतून मूळ प्रत काढली. पान 4, सगळ्यात खाली एक ओळ जास्त: "(पहिला चेंडू पाहून परत पिशवीत टाकला आहे.)" भाऊ म्हणाले, "ताई, मूळ कागद लीगल हाय. पोरायले स्वस्त पडते म्हून आमी ए-फोरवर काढतो. खालचं कटत असन." लीगल कागद 14 इंच लांब, ए-फोर पावणेबाराला थोडा कमी. जी पानं वरच संपत होती ती वाचली. ज्या पानांवर मजकूर पार खालपर्यंत होता त्यांची शेवटची ओळ गेली. अशी पाच पानं निघाली. किती वर्षं पोरं तो संच वापरतात कुणास ठाऊक, आणि सगळ्यांना सांगितलं जातं, पाठ करा.

दुकानात उभं राहून पाचही ओळी मी माझ्या संचावर निळ्या पेनने लिहून घेतल्या.

त्यानंतरचा अभ्यास तीन आठवड्यांत झाला. आता आठवतील तशा काही गोष्टी सांगते.

दहावीच्या गणित भाग 1 मध्ये संभाव्यता आणि सांख्यिकी हे शेवटचे दोन धडे आहेत. तिथून सुरुवात करा. मी हे सगळ्यात शेवटी केलं, आधी करायला हवं होतं. नमुना अवकाश, म्हणजे येऊ शकणाऱ्या सगळ्या निकालांची यादी, लिहून काढायची सवय तिथेच लागते आणि बी.कॉम.च्या गणितांपैकी बरीच तेवढ्यावर सुटतात.

"किमान एक" असा शब्द दिसला की उलटं करा. एकही नाही याची संभाव्यता काढून ती 1 मधून वजा करायची. घरचं सोयाबीन पेरण्याआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतात, ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. समजा 70 उगवले. टोकताना एका जागी दोन दाणे टाकले तर किमान एक उगवण्याची संभाव्यता 1 − 0.3 × 0.3, म्हणजे 0.91. तीन टाकले तर 0.973. हे यांना दाखवलं तर म्हणाले, "तीन टाकतात ते उगीच नाही मग." त्याच शंभर दाण्यांचं आणखी एक: खरी उगवण 70 टक्के असली तरी एका चाचणीत 65 किंवा 75 येऊ शकतात, कारण मागेपुढे होणं साडेचारच्या वर आहे. म्हणून एकाच चाचणीवर बियाणं फेकून देऊ नका, चाचणी पुन्हा करा.

प्रमाण विचलनात, म्हणजे आकडे मध्यापासून किती पसरलेले आहेत ते मोजताना, कॅल्क्युलेटरवर आधी मध्य काढा, प्रत्येक आकड्यातून तो वजा करा, त्या वजाबाक्यांची बेरीज शून्य येते का बघा, मगच वर्ग करा. ती बेरीज शून्य नसेल तर पुढचं सगळं वाया.

नमुना निवडीचा धडा कोरडा वाटत असेल तर पीकविम्याची पीक कापणी आठवा. गावातली शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात, रस्त्याजवळची बरी दिसणारी शेतं घेत नाहीत. ही यादृच्छिक पद्धत आपल्या देशातल्या शेतीत रुजवणाऱ्यांमध्ये सातारा जिल्ह्यात 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. पुस्तकात हे दिलेलं नाही, पण ते कळल्यावर मला तो धडा आपल्याकडचा वाटला.

पेपरात चौथा प्रश्न पिशवीचाच आला. 6 पांढरे, 4 काळे, दोन्ही पांढरे, आणि स्पष्ट लिहिलेलं, "परत न ठेवता". 6/10 × 5/9, म्हणजे 1/3. उत्तराच्या शेजारी मी लिहिलं, "परत ठेवला असता तर 9/25". त्याचे गुण मिळत नाहीत, हे माहीत होतं. तरी लिहिलं. विषय सुटला.

त्या संचाच्या ए-फोर प्रती अजून फिरत आहेत, म्हणून कापलेल्या ओळी इथे देते. पान 4, पिशवी: पहिला चेंडू परत टाकला आहे, उत्तर 25/64. पान 6, 4, 6, 8, 10, 12 चं प्रमाण विचलन: ही माहिती नमुन्याची आहे, म्हणून 5 ने नाही, 4 ने भागायचं. उत्तर 3.16, तुम्हाला 2.83 येत असेल तर ते 5 ने भागल्यामुळे. पान 7, दोन मुलं असलेलं कुटुंब, दोन्ही मुली असण्याची संभाव्यता: किमान एक मुलगी आहे हे माहीत आहे, म्हणून 1/4 नाही, 1/3. पान 11, चित्रयुक्त पत्ता: राजा, राणी, गुलाम एवढेच धरायचे, एक्का नाही, उत्तर 3/13. पान 12, दोन फाशांची बेरीज 10 किंवा जास्त: पहिल्या फाशावर 5 आलेले आहेत, म्हणून 1/6 नाही, 1/3.